चिरलेलं फळ

सावळेराम, परवा तुझा तेरावा झाला आणि काल मी तुझ्या घरी जाऊन आलो. तिथे काय झालं ते तुला सांगायचं आहे. गेली अठरा वर्षं काहीही झालं की ते सांगायला मी नदीपात्रातल्या तुझ्या खोपीवर येत असे. शाळेत इन्स्पेक्टर येऊन गेला, आईला बरं नाही, बदलीची आवई उठली, सगळं तुलाच. त्या सवयीनं काल सकाळची शाळा सुटल्यावर आधी खोपीवरच गेलो. दाराला तू लावायचास तशी बाभळीची फांदी आडवी लावलेली होती. वेलांना बरेच दिवस पाणी नव्हतं. एक खरबूज उन्हानं आपोआप उललं होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. मी हाक मारली नाही, पण तोंड उघडलं होतं एवढं खरं.

तिथून तुझ्या घरी गेलो. तेरा दिवस का थांबलो, असं तू विचारशील. सुतकात तुझ्या घरचं पाणीसुद्धा कुणी पिणार नव्हतं, आणि मला जे करायचं होतं ते सुतकात करता आलं नसतं. हे कारण खरं आहे. पण सावळेराम, तू मला ओळखतोस. थांबायला मला नेहमीच एखादं खरं कारण सापडतं.

मी या गावात बदलून आलो ते साल आठवतं का तुला? चैत्र होता. सोनईच्या बाजारातून पायी परत येत होतो. मुळा नदीचं पात्र कोरडं, वाळू तापलेली, घशाला कोरड पडलेली. पलीकडच्या बाजूनं तुझी हाक आली, "ओ मास्तर! नवं मास्तर तुमीच न्हवं? या की सावलीला. पान्याचं म्हनत न्हाई मी, पर खरबूज तर चालंल ना तुमाला?"

मी आलो. तू वेलावरून एक खरबूज तोडलंस, नाकाशी धरून वास घेतलास आणि विळा हातात घेऊन थांबलास. "चिरून देऊ, का तुमी चिरता?"

मी म्हणालो, "मीच चिरतो."

दोनच शब्द. त्या दोन शब्दांवर आपण अठरा वर्षं काढली.

तू विळा धोतराला पुसलास आणि माझ्या हातात न देता वाळूवर ठेवलास. मी उचलला. माझे वडील भिक्षुकी करत. त्यांचा नियम मला लहानपणापासून पाठ होता. अखंड फळ कुणाच्याही हातचं चालतं, ते झाडानं दिलेलं असतं. चिरलं की ते चिरणाऱ्याचं होतं. आणि मीठ लागलं की ते अन्नच झालं, मग ते आपल्या माणसाखेरीज कुणाच्या हातचं घ्यायचं नाही. हा नियम तुला कुणी शिकवला होता कोण जाणे, पण तो तुला माझ्याइतकाच पाठ होता.

पुढच्या आठवड्यात आलो तेव्हा तू खोपीच्या छपरातून एक फडकं काढलंस. आत लाकडी मुठीचा नवा चाकू होता.

"बाजारातनं आनला. तुमच्यासाठी. दुसऱ्या कुनाचा हात लागायचा न्हाई त्याला, मास्तर. निवांत खावा."

आणि मला आनंद झाला! हे तुला कधी बोललो नाही. मला वाटलं, किती मान ठेवतो हा माणूस. घरी जाऊन आईला कौतुकानं सांगितलं. आई म्हणाली, "जाणता दिसतो हो कुणबी." मी मान डोलावली. तू माझ्यासाठी तुझ्याच घरात एक कुंपण घातलंस, तेही स्वतःच्या हातानं, आणि मी त्याला मान समजलो.

मग दर उन्हाळ्यातले ते आपले रविवार. तुझा काला. गावात सगळे त्याला सावळेरामाचा काला म्हणत. तू चिलीम पेटवून गड्याच्या हातात द्यायचास आणि म्हणायचास, "ही विझायच्या आत काला तयार." खरंच तसा तो व्हायचा. खरबूज मधोमध चिरून बिया एका झटक्यात बाहेर, फोडी मोठ्या, लहान केल्या की त्यांचा चिखल होतो म्हणून. परसातली पपई. सोनईची केळी, जरा करकरीत. लिंबाऐवजी तू कैरीचा कीस घालायचास, चिमूटभरच. लढाईच्या दिवसांत साखर कंट्रोलची झाली तेव्हा तुला त्याचं काहीच वाटलं नाही, तू आधीपासून गूळच चुरून घालत होतास. भाजलेलं जिरं तळहातावर रगडायचास. आणि मीठ सगळ्यात शेवटी, तुझी ती पितळेची ताटली, पितळी, हातात घेतल्यावर, खायच्या क्षणी.

तुझी पितळी तुझ्यापुढे, माझं पळसाचं पान माझ्यापुढे, मधे चार हात वाळू. तू तिकडून सांगायचास आणि मी इकडे माझ्या चाकूनं माझा काला करायचो.

"मास्तर, मीठ आत्ता नगं!"

"घातलं."

"घातलं? मंग झालं. आता बघा, पानी सुटंल." आणि सुटायचंच. "तुमचा काला म्हंजी सरकारी काला. समदं नियमात, आन चव न्हाई." तुझ्या कारभारीण, गोदाबाई, पदर तोंडाला लावून हसायच्या. मी चिडून पान सारायला लागलो की तू म्हणायचास, "आवो, टाकू नगा ते पानी. प्या. समदी चव त्यातच उतरलेली आसती." मी पान वाकडं करून ते पाणी प्यायचो. आंबट, गोड, खारट, थोडं वाळूचं. अजून जिभेवर आहे.

मी या सगळ्याला मैत्री म्हणत होतो. ती होतीही. तिच्यात चार हात वाळू होती, एवढंच.

शाळेच्या बक्षीस समारंभातलं माझं भाषण तुला आठवत असेल. एका बाकावर बसणारी मुलं, एका हौदावरचं पाणी, माणसामाणसांत भेद करणाऱ्याला देव क्षमा करणार नाही, असं बरंच काही मी बोललो होतो. टाळ्या पडल्या. तू मागे भिंतीला टेकून बसला होतास. रविवारी खोपीत तू म्हणालास, "भाषान झ्याक झालं. पोरं डोळं लावून ऐकत हुती."

"तुला आवडलं ना?"

"लई. मास्तर, एक इचारू का?"

"विचार की."

तू माझ्या पानाकडे पाहिलंस, चाकूकडे पाहिलंस. मग म्हणालास, "काय न्हाई. केळं जरा कवळं हाय आज."

तू काय विचारणार होतास ते मला ठाऊक होतं. मी म्हणायला हवं होतं, नाही, विचार. मी केळ्याबद्दल बोललो.

पुढे एकदाच तू त्याच्या जवळ आलास. म्हणालास, "तुमची म्हातारी हाय तवर मला समजतंय, मास्तर. तिला कशाला दुखवायचं?" तू मला वाट करून देत होतास, आणि मी चिडलो. "आईला यात आणू नकोस" म्हणून ताडकन उठलो आणि तीन रविवार फिरकलो नाही. तिन्ही रविवारी तू शाळेच्या ओट्यावर एकेक खरबूज ठेवून गेलास. अखंड. चौथ्या रविवारी मी आलो तेव्हा तू एवढंच म्हणालास, "पाक वाळलात की तीन आठवड्यांत." ते भांडण तिथेच राहिलं. मला ते तुझ्याशी पुरं करायचं होतं. तुझी बाजू बरोबर होती, हे भांडत भांडतच मला कबूल करता आलं असतं. तसं सरळ येत नाही मला.

मग दोन वर्षांपूर्वी आई गेली. माझं खरं कारण गेलं. गोदाबाईंना ते माझ्याआधी कळलं.

त्या उन्हाळ्यातल्या पहिल्या रविवारी मी आलो तर चाकू बाहेर काढलेला नव्हता. गोदाबाईंनी स्वतः काला केला होता. पळसाचा नवा द्रोण लावला होता, म्हणजे भांड्याचाही प्रश्न नको. तो द्रोण दोन्ही हातांनी धरून त्या माझ्यापुढे आल्या. "घ्या मास्तर. आज माज्या हातचा बघा."

मी त्या द्रोणाकडे बघत राहिलो. फोडींवर मीठ अजून विरघळलं नव्हतं, पांढरं दिसत होतं. मी म्हणालो, "आज माझा उपास आहे."

गोदाबाई मोकळ्या हसल्या. "आवो, उपासाला फळं चालत्यात की! उपासाला दुसरं खात्यात तरी काय?"

 इतकी वर्षं पोरांना शिकवणारा मी, मला खोटंही नीट बोलता आलं नाही. तेव्हा तू चिलीम खाली ठेवलीस आणि बायकोवर ओरडलास, "आगं, त्यात मीठ हाय न्हवं! तसलं मीठ उपासाला चालत न्हाई त्यांना. काय बी कळत न्हाई तुला." आणि छपरातून फडकं काढून चाकू माझ्यापुढे ठेवलास.

गोदाबाईंचं हसू गेलं. त्या द्रोण घेऊन आत गेल्या. माझं खोटं झाकायला तू त्यांना माझ्यादेखत बोललास, आणि मी तुझे उपकार मानले. मनातल्या मनात, पण मानले. याची लाज मला आज वाटते असं नाही. तेव्हापासून रोज वाटत होती. लाज वाटूनही माणूस तसाच राहू शकतो, हे मला माझ्यावरून कळलं.

आणि आता आपल्या भेटीचा तो शेवटचा दिवस.

ताप उतरत नव्हता, तरी घरात जीव घुसमटतो म्हणून तू हट्टानं खोपीत येऊन पडला होतास. गोदाबाई वैद्याकडे काढा आणायला गेल्या होत्या. तू म्हणालास, "मास्तर, काला करा. तोंडाला चव न्हाई." मी चाकू काढला आणि तुझ्या पितळीत काला केला. तुला माझ्या हातचं चालत होतंच. नियम एकाच बाजूनं होता.

पितळी तुझ्या उशाशी ठेवली. तू कोपरावर उठलास. एक फोड उचललीस आणि तोंडात न घालता माझ्यापुढे धरलीस. 

"घ्या, मास्तर. उष्टी न्हाई. आजून तोंडाला लावली न्हाई म्या."

खोपीत दुसरं कुणी नव्हतं, सावळेराम. कुणी पाहणार नव्हतं. आई नव्हती. वडील जाऊन पंचवीस वर्षं झालेली. फळही मीच चिरलेलं, मीठही मीच घातलेलं. मधे फक्त तुझा हात होता, आणि मला तोच ओलांडता आला नाही. मी म्हणालो, "आधी तू खा. मी मग घेतो."

तू हात तसाच धरून ठेवलास थोडा वेळ. मग ती फोड स्वतःच्या तोंडात घातलीस, हळूहळू चावलीस, आणि म्हणालास, "पानी सुटलंय. मीठ आधीच टाकलं तुमी."

मी हसलो. तूही हसलास. तेवढ्यात गोदाबाई आल्या आणि मी उठलो. दोन दिवसांनी तुझा निरोप आला, म्हणजे तू गेल्याचा.

तेव्हापासून ती फोड माझ्यापुढे धरलेली आहे.

काल गोदाबाई ओसरीत धान्य पाखडत होत्या. मला पाहून उठल्या, घोंगडी अंथरली. कपाळ मोकळं होतं. मी बसलो. त्या आत गेल्या आणि एक खरबूज, पळसाचं पान आणि फडक्यात गुंडाळलेला चाकू माझ्यापुढे ठेवून बाजूला सूप घेऊन बसल्या. म्हणाल्या, "खोपीत ऱ्हायला हुता. मी घिऊन आले. कुनाचा हात लागला न्हाई, मास्तर."

मी म्हणालो, "गोदाबाई, त्या दिवशी माझा उपास नव्हता."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "ठावं हाय."

"सावळेरामाला?"

"त्यांस्नी तर तवाच ठावं हुतं. तुमी गेल्यावर मी लई तणतणले. म्हनलं, तुमचा ह्यो जिवाचा मैतर, आन आपल्या दारात लबाड बोलतोय. तर म्हनले, बोलला, पर लाजून बोलला. जो लाजतोय त्यो एक दिस खातोय बघ. जरा दम धर."

तू दम धरलास. तापातही तू हात पुढे धरून दम धरलास, आणि मी म्हणालो, मग घेतो.

चाकू बाजूला सारून मी म्हणालो, "मला काला करून द्याल?"

त्यांनी विचारलं, "खरंच खाल?"

"खाईन."

"आता काय उपेग, मास्तर? बघाया ते न्हाईत."

  मी म्हणालो, "नाहीत. पण मी म्हणालो होतो, मग घेतो."

 त्या आतून विळा घेऊन आल्या, तुझाच, मूठ दोरीनं आवळलेला. खरबूज चिरलं. परसातून पपई आणली. केळी नव्हती. कैरी होती. हात तुझ्यासारखाच चालतो त्यांचा, किंवा तुझा त्यांच्यासारखा चालत असेल, मी कधी विचारलंच नाही काला मुळात कुणाचा ते. त्यांनी द्रोण पुढे ओढला तेव्हा मी म्हणालो, "पितळीत द्या. त्याच्या पितळीत." त्यांनी पितळी आणली. मीठ शेवटी घातलं.

मी खाल्लं, सावळेराम. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही, घशात अडकलं नाही, डोळ्यांसमोर वडील उभे राहिले नाहीत. फक्त फळ होतं, गार, आणि चांगलं झालेलं. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. अवघड असतं तर बरं झालं असतं. अठरा वर्षांना काहीतरी कारण मिळालं असतं.

चार-सहा फोडी खाल्ल्या आणि पुढे खाववेना. गोदाबाईंनी उरलेला काला द्रोणात घातला, वर दुसरं पान लावलं. "घरी न्या. बाईंस्नी द्या." मग चाकूकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याचं काय करू?"

"घरात वापरा. कांदे चिरा त्यानं."

"मास्तरांच्या चाकूनं कांदं?" आणि त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, पूर्वीसारख्या. मग तोच पदर त्यांनी डोळ्यांना लावला आणि आत गेल्या. मी निघालो.

आमच्या आळीच्या तोंडाशी गणूकाका ओट्यावर बसलेले असतात, ते तुला माहीत आहे. "काय मास्तर, प्रसाद वाटतं?" त्यांनी विचारलं. हो म्हणून पुढे जाता आलं असतं. सवयीनं जीभ वळलीही होती.

"प्रसाद नाही. सावळेरामाच्या घरचा काला. चिरलेला, मीठ घातलेला."

"म्हणजे मोलकरणीसाठी?"

"मी खाऊन आलो. उरलेला आणलाय."

गणूकाकांनी सोडलेले पाय वर ओढून घेतले.  आज संध्याकाळपर्यंत आळीभर होईल. श्राद्धपक्षात मला क्षणाला, श्राद्धाच्या पानावर, बोलावणारी दोन-चार घरं कमी होतील. होऊ देत, असं मी म्हणतो आहे, पण धीटपणानं नाही. तुला ते माझ्या आवाजावरून कळलं असतं.

माझी बायको यमुना दारात उभी होती. तिनं द्रोण पाहिला, माझ्या हातावरून कोपरापर्यंत आलेला ओघळ पाहिला. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तुझ्याविषयी तिच्या मनात कधी वाकडं नव्हतं. तुझ्या आजारात तिनं रोज विचारलं होतं. पण ती म्हणाली, "ते आत आणू नका. आणि आधी अंघोळ करून मग या." रागावून नाही. मी अठरा वर्षं ज्या आवाजात "मीच चिरतो" म्हणत होतो त्या आवाजात. तिला मी काय समजावणार?

मी पायरीवर बसलो. एकटाच. ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं, आळीत कुणी नव्हतं. द्रोण मांडीवर घेतला आणि उरलेल्या फोडी एकेक करून खाल्ल्या. चालताना हिंदकळून त्याला पाणी सुटलं होतं. या वेळी चूक माझी नव्हती, मीठ शेवटीच घातलेलं होतं. वाट लांब होती, इतकंच. तळाशी दोन घोट पाणी उरलं. मी दोन्ही हातांनी द्रोण उचलला, तोंडाला लावला, आणि तू सांगायचास तसं ते सगळं पिऊन टाकलं.